मदत हवी आहे : संघविस्ताराच्या बाजूने बोलताना नकाराधिकाराच्या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

नीरजा : शनिवारी अभ्यासमंडळात मला विस्ताराची बाजू मांडायची आहे. ‘आजच एका सदस्याच्या हट्टापायी सगळे अडते, त्यात आणखी सदस्य कशाला?’ असे प्रतिपक्ष विचारणारच. जोरकस उत्तर हवे आहे. कृपया लवकर लिहा.

मुशाफिर : संघ कोणता, आफ्रिकी की युरोपीय? आणि कोणत्या देशांसाठी बोलणार आहात?

नीरजा : अर्थातच युरोपीय, आग्नेय युरोपातल्या पश्चिम बाल्कनमधले देश.

अक्षरमित्र : मग ‘उत्तर मॅसेडोनिया’ या देशाचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये उमेदवारीचा दर्जा मिळालेल्या या देशाने ‘मॅसेडोनिया’ या नावावरचा ग्रीसचा आक्षेप दूर व्हावा म्हणून ग्रीसशी झालेल्या २०१८ च्या प्रेस्पा करारानुसार स्वतःचे नावसुद्धा बदलले, तरीही २०१९ मध्ये फ्रान्सने आणि २०२० मध्ये बल्गेरियाने वाटाघाटींची सुरुवात रोखून धरली. अडवणारे सगळे आधीपासूनचे सदस्य आहेत, त्यामुळे दोष विस्ताराचा नसून कार्यपद्धतीचा आहे. अंतिम प्रवेश एकमतानेच द्यावा, पण मधल्या टप्प्यांचे निर्णय पात्र बहुमताने (म्हणजे एकमत न लागता, ठरवून दिलेल्या मोठ्या बहुमताने) व्हावेत, असे ठामपणे मांडा.

सत्यान्वेषी : हे मला मान्य नाही. हंगेरी २००४ मध्ये संघात आली आणि २०२२ मध्ये संघाला तिचा काही निधी रोखावा लागला. म्हणजे आत आलेला सदस्यही पुढे अडचणीचा ठरू शकतो. म्हणून आधी नियमांत सुधारणा, मगच विस्तार.

अक्षरमित्र : ते ‘आधी’ उजाडणार कधी? पश्चिम बाल्कनमधल्या देशांना सदस्यत्वाची ग्वाही २००३ मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात दिली गेली आणि तिच्यानंतर त्या देशांपैकी एकटा क्रोएशिया, तोही २०१३ मध्ये, आत येऊ शकला. इतकी वर्षे ताटकळत ठेवलेल्या लोकांनी सुधारणा कोणाच्या भरवशावर रेटायच्या?

फोंडेकर : गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज पारपत्र घेतले आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावे की नवे देश संघात आले तरी जुन्या आणि नव्या सदस्यदेशांत एकमेकांकडे जाऊन काम करण्याची मुभा लगेच खुली होतेच असे नाही. २००४ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच नव्या सदस्यदेशांच्या नागरिकांना ती तत्काळ दिली. इतर जुन्या सदस्यदेशांना सात वर्षांपर्यंत निर्बंध ठेवता येत होते.

मुशाफिर : नीरजाताईंनी हे विचारलेले नाही, तरी स्थलांतराची भीती कोणी पुढे केली तर हाच दाखला द्यावा.

नीरजा : आभार. प्रेस्पापासूनच सुरुवात करते. पण बल्गेरियाची आता नेमकी मागणी काय आहे?

अक्षरमित्र : बल्गेरियन समुदायाचा उत्तर मॅसेडोनियाच्या संविधानात उल्लेख व्हावा, ही. त्यासाठी तिथली राजधानी स्कोप्ये इथल्या १२० सदस्यांच्या संसदेत दोन तृतीयांश मते लागतात आणि गाडे तिथेच अडले आहे.