पार्सलच्या रोबोला पोरं लाथा मारतात, त्याला ‘रडायला’ लावावं का?

सातवामजला
पवईतली तीन टॉवरची सोसायटी. गेटवरून पार्सल वर पोचवायला एक रोबो भाड्याने घेतलाय: कंबरेइतका उंच, साधारण ४० किलो, पुढच्या स्क्रीनवर दोन डोळे. संध्याकाळी सहा ते आठ पोडियमवर पोरांचा घोळका त्याला घेरतो. वाट अडवणं, ढकलणं, लायडरवर (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर) हात ठेवणं, आणीबाणीत थांबवायचं लाल बटण दाबून पळणं, आणि आता लाथा. पुरवठादार म्हणतो, धक्का बसला की ‘आई गं, लागलं!’ असा आवाज आणि स्क्रीनवर अश्रू दाखवायची सोय आहे, चालू करून देतो. कमिटीत दोन तट. एकाला वाटतं पोरं वरमतील. दुसरा म्हणतो यंत्राला कसलं दुखणं, सरळ पालकांना दंड लावा. हे रडवणं योग्य आहे का? आणि लाथा थांबतील का?

ग्रीसगन
थांबणार नाहीत, वाढतील. जपानमधल्या एका मॉलमध्ये रोबोव्ही नावाच्या रोबोला मुलं असाच त्रास द्यायची. संशोधकांनी त्या मुलांनाच गाठून कारणं विचारली. बहुतेकांना तो माणसासारखा वाटत होता, तरीही मारत होती: काय करतो ते बघायचं होतं, मजा येत होती, दुसरा करतोय म्हणून. म्हणजे पोरांना हवी असते प्रतिक्रिया, आणि तुम्ही तीच लाथेला बक्षीस म्हणून देणार.

तिथेच २०१५ मध्ये दुसरा उपाय मांडला गेला. आजूबाजूची माणसं १.४ मीटरपेक्षा उंच की बुटकी, गर्दी किती, मुलं किती वेळ रेंगाळली आहेत, यावरून रोबो त्रासाची शक्यता काढतो आणि मोठ्या माणसांच्या दिशेने निघून जातो. मोठं माणूस जवळ असलं की पोरं आवरतात, एवढं साधं. तुमच्या रोबोत हे नसेल तरी नकाशात बदल करता येतो. घेरलं गेल्यावर थांबायची जागा वॉचमनच्या केबिनपाशी ठेवा, पोडियमच्या मध्यात नको. सहा ते आठ त्याला पोडियमवरून नेऊच नका, बेसमेंटचा मार्ग द्या. तो नसेल तर वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

लाथेने बिघडतं काय? बॉडी टिकते. लायडरचा ब्रॅकेट अंशभर वाकतो आणि दहा मीटरवरची भिंत १७ सेंटिमीटर सरकलेली दिसायला लागते. आडवं ढकललं की चाकं घसरतात, चाकांचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरचा हिशेब चुकतो, रोबोला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. तिन्ही टॉवरच्या लॉबी एकसारख्या असतील तर तो ए विंगमध्ये उभा राहून स्वतःला बी विंगमध्ये समजेल, आणि पार्सल भलत्याच दारात. मागून जोरात रेटलं तर मोटर उलटी फिरते, गिअरबॉक्सचे दात जातात, तो खर्च खरा. भाडेकरारात ‘बाहेरून झालेलं नुकसान’ कुणाच्या माथी आहे तेही वाचून घ्या.

अनुष्टुभ
पहिल्या प्रश्नाबद्दल. ब्रिटनच्या ईपीएसआरसी या निधी देणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० मध्ये रोबोंसाठी पाच तत्त्वं ठरली. त्यातलं चौथं इथे तंतोतंत लागू आहे: रोबो ही बनवलेली वस्तू आहे, सहज फसू शकणाऱ्या माणसांचा गैरफायदा घेईल अशा फसव्या पद्धतीने ती बनवू नये, तिचं यंत्रपण उघड असावं. सहा वर्षांचं पोर हे सहज फसणारंच. ज्याचा त्या रडण्यावर विश्वास बसेल ते नाहक अपराधी होऊन बसेल. ज्याला खोटेपणा कळेल ते ‘आई गं’ ऐकूनही लाथ मारायला शिकेल. दुसरं जास्त वाईट.

पण ‘यंत्रच तर आहे, चालू द्या’ हेही पटत नाही. प्राण्यांबद्दल तत्त्वज्ञ कांटचा युक्तिवाद असा होता की त्यांच्याशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही कठोर होत जातो. रोबोला तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही, सवयीचा मुद्दा मात्र उरतोच. आपल्याकडे वहीला पाय लागला तर नमस्कार करतात, खंडेनवमीला लेथला हळदकुंकू वाहतात. वहीला दुखलं असं कुणी मानत नाही. वस्तू नीट वागवायला तिला वेदना असावी लागत नाही, आणि मुलांना एवढं सांगितलं तरी कळतं.

पांडोबा
ग्रीसगनला +१. रोबोंच्या हक्कांच्या गप्पांत मात्र कमिटीने वेळ घालवू नये. २०१७ मध्ये युरोपीय संसदेने ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ची (रोबोला कायद्याने व्यक्ती मानायची) कल्पना विचारात घ्या म्हटलं, तेही मुख्यतः नुकसानीची जबाबदारी ठरवण्यासाठी. पुढच्याच वर्षी दीडशेहून जास्त जाणकारांनी खुलं पत्र लिहून विरोध केला: जबाबदारी कंपनीवरून यंत्रावर ढकलली जाईल म्हणून. तुमचा पुरवठादारही त्याच चालीचा. यंत्र सुधारायचं सोडून पोरांना रडून दाखवणार.

दंडाचं म्हणाल तर नुकसान भरून मागता येईल, फौजदारीची धमकी फुसकी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही.

एक खवचट प्रश्न: रोबो कुठल्या लिफ्टने जातो? मेन लिफ्टने असेल आणि ‘डिलिव्हरीवाले व कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी’ ही पाटी अजून लटकत असेल, तर पोरं कुणाशी कसं वागायचं ते रोज वाचतायत. शिवाय लाल बटण दाबलेला ४० किलोचा रोबो बाजूला कोण सरकवतो? वॉचमन. आणि माइक चालू असेल तर पोरांच्या शिव्या दूर बसलेल्या ऑपरेटरच्या कानात जातात. दुखायचं ते तिथे दुखतं.

सातवामजला
मेन लिफ्टने जातो. 😐 पाटीचा विषय अजेंड्यावर टाकतो. रडणं रद्द समजा. मग धक्का लागल्यावर त्याने काय बोलावं? आणि लाल बटणाला कुलूपवालं झाकण बसवलं तर?

ग्रीसगन
एकदाच, सपाट आवाजात: ‘पार्सलगाडी थांबली आहे, वाट द्या.’ पुन्हा पुन्हा नको, त्याचाही खेळ होतो. स्क्रीनवरचे डोळे काढून टॉवर आणि मजला दाखवा. एखाद्या रविवारी पुरवठादाराचा माणूस बोलवा. पोरांना लायडरवर हात ठेवू द्या आणि त्याच वेळी टॅबवर नकाशाचं काय होतं ते दाखवा. निम्मं कुतूहल तिथेच भागेल.

बटणाला कुलूप अजिबात नको. कुणाचा पाय चाकाखाली आला तर कुणालाही ते लगेच दाबता आलं पाहिजे. भोवती उभं गोल कडं बसवा, म्हणजे चुकून कोपर लागून दबत नाही, मुद्दाम दाबलं तर दबतं. दाबल्यावर ते अडकून राहतं, फिरवून सोडवावं लागतं. ते वॉचमनला दाखवून ठेवा, आणि मोटरचा ब्रेक सोडायची कळ कुठे आहे तेही, नाहीतर बिचारा ४० किलो फरफटत नेईल.