बाबांच्या जुन्या सायकलची कॉटर पिन जाम, ठोकून ठोकून थकलो

पडवीतली_सायकल:
नमस्कार मंडळी, बाबांची काळी डबल बारची २४ इंची सायकल आहे, २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ती गढूळ पाण्यात बुडालेली, नंतर बाबांनी नळीने वरून धुतली आणि पडवीत टेकवून ठेवली ती आजपर्यंत तशीच. आता मला चालू करायचीय. चेन, ब्रेकच्या सळ्या, मडगार्ड सगळं निघालं. पायडलंही निघाली (डावीकडचं उलट्या आट्याचं असतं हे अर्धा तास झटापट केल्यावर आठवलं, हसू नका). अडलंय ते डाव्या क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) कॉटरवर, म्हणजे क्रँक मधल्या एक्सलला धरून ठेवणाऱ्या पाचरीसारख्या पिनवर. नट निघाला पण पिन ढिम्म. डब्ल्यूडी-४० मारून चारेक तास ठेवलं, सायकल भिंतीला टेकवली आणि आट्यांच्या बाजूने हातोडीचे दहापंधरा घाव घातले. पिन तिथेच, फक्त टोक भज्यासारखं पसरलं, आता नटही चढत नाही. एक्सल फिरवला की आत वाळू चावल्यासारखी करकर येते म्हणजे उघडावं तर लागणारच. इथला एक सायकलवाला म्हणाला नवी घ्या. काय करू?

मिरजेचा_पाना:
खाली काय ठेवलं होतंस? काहीच नाही ना? मग प्रत्येक घाव स्प्रिंगवर मारल्यासारखा वाया गेला. टायर दबतो, फ्रेम हलते, उरलेला झटका एक्सलमधून छर्र्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) जातो आणि ते ज्यात फिरतात त्या कटोरीत खड्डे पडतात, पिनला काही कळतच नाही. आमच्या वडिलांचं दुकान होतं, तिथे एक फूटभर लोखंडी पाइपचा तुकडा फक्त या कामाला ठेवलेला असायचा. क्रँक आडवा करायचा, पिनचं डोकं म्हणजे बिनआट्याची बाजू खाली घ्यायची, पाइप जमिनीवर उभा करून क्रँकच्या बरोबर खाली असा लावायचा की पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल आणि क्रँकचा वजनदार भाग पाइपच्या काठावर बसेल. फरशीवर नको हं, फरशी फुटेल, खाली दगड घे. मग किलोभराचा हातोडा आणि एकच घाव, मनापासून. टुकटुक केलंस की टोक पसरतं, तेच तुझं झालंय.

आणि नट पूर्ण काढायचाच नसतो, पिनच्या टोकाशी लेव्हल येईपर्यंत सैल करून ठेवायचा म्हणजे आटे वाचतात. आता ते गेलं. पसरलेलं टोक आधी कानसने घासून बारीक कर, नाहीतर सुटलेली पिनसुद्धा भोकातून पलीकडे जाणार नाही आणि तुला वाटेल अजून जामच आहे.

गंजलेला_माणूस:
वरचं सगळं बरोबर, फक्त तेलाबद्दल बोलतो. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, ते मुळात पाणी हटवून गंज धरू नये म्हणून केलेलं, पाच वर्षांच्या गंजात चार तासांत ते काय शिरणार. एसीटोन आणि गाडीचं ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं करून थेंब थेंब सोड, दोन्ही बाजूंनी, सकाळ संध्याकाळ, दोन दिवस. वापरताना बाटली हलवत राहा कारण ते वेगळं होतं. नसेल मिळत तर रॉकेल नाहीतर डिझेल आणि भरपूर धीर.

अलॉय_पुणे:
तेल नको, तापवून बघा असं कुणी म्हणेल, पण मला तापवण्याचा उलटा अनुभव. माझ्या जुन्या स्टील फ्रेममध्ये अल्युमिनियमचा सीट पाइप अडकला होता, मी शहाण्यासारखा ब्लोअरने तापवला तर आणखी घट्ट. नंतर कळलं की अल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे गरम करून आपणच पाचर मारतोय. शेवटी पाइप वाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) धरून सगळी फ्रेमच फिरवली तेव्हा सुटला. तुमच्याकडे दोन्ही स्टीलच, त्यामुळे क्रँकचा डोळा (पिनच्या भोकाचा भाग) तापवला तर फायदा होईल असं वाटतं?

मिरजेचा_पाना:
होतो, पण शेवटचा उपाय. क्रोम निळं पडतं, ग्रीस वितळून बाहेर येतं. आणि एसीटोन नाहीतर रॉकेल टाकलेल्या जागी बर्नर नेऊ नकोस बाबा, पडवीला लाकडी वासे असतील. त्याआधी मोठा वाइस मिळतो का बघ. एका जबड्यात पाना सेटमधलं सॉकेट पिनच्या डोक्यावरून, दुसऱ्या जबड्याने टोक दाबायचं, ठोकण्यापेक्षा सभ्य काम. तेही नाही झालं तर ड्रिल, तो दिवस न येवो.

पडवीतली_सायकल:
अपडेट. निघाली!! वाइस कुठे मिळाला नाही. दोन दिवस तेल, तिसऱ्या दिवशी टोक घासलं, खाली जात्याची जुनी तळी आणि त्यावर पाण्याच्या लाइनचा तुकडा. पहिल्या घावाला नेहमीसारखं ठण्ण. दुसऱ्याला आवाज एकदम बसका आला, ठप्प, बघतो तर पिन अर्धी खाली. बाबा आत टीव्ही बघत होते ते उठून बाहेर आले. उजवीकडची पहिल्याच घावाला. आत मूठभर लाल गाळ, वाळून खडू झालेला, छर्रे गंजून चपटे. डावीकडची कटोरी काढली, उजवी निघत नाहीये, ती उलट्या आट्याची का?

मिरजेचा_पाना:
हो उलटी. पण काढूच नकोस, जागेवर फडक्याने पूस, बोट फिरवून खड्डे लागतात का बघ, नसतील तर राहू दे. छर्रे मात्र सगळे नवे. नवीन कॉटर बसवताना दोन्ही क्रँकला विरुद्ध दिशेने घाल, नाहीतर पायडलं एका रेषेत येणार नाहीत. आणि नट आवळून पिन ओढायची नाही, आधी ठोकून बसवायची, मग नट. पाचदहा किलोमीटर चालवून परत आवळ.

पडवीतली_सायकल:
ओके. बाबा विचारतायत घंटी कुठे ठेवलीस.