पणजोबांच्या फुलदाण्यांची जोडी: जपानी की चिनी, किती जुनी? काका एक-एक वाटून घ्यायचं म्हणतायत

जुळेसोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी, बाळीवेशीतलं आमचं जुनं घर रिकामं करतोय, तर माळ्यावरच्या ट्रंकेत चादरीत गुंडाळलेल्या दोन फुलदाण्या निघाल्या, फूटभर उंच, दोन्ही सारख्याच. रंग काळपट-तपकिरी, त्यावर टक्कल केलेले साधू, प्रत्येकाच्या डोक्यामागे सोन्याचं वलय, मधूनच एक ड्रॅगन फिरलाय आणि हात फिरवला की बारीक ठिपके बोटाला लागतात. घरात सांगतात की पणजोबा गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते आणि तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला. मोठे काका म्हणतात ३०० वर्षांपूर्वीच्या चिनी राजवाड्यातल्या आहेत, लाखांत जातील. जुनं सामान घेणारा एकजण येऊन गेला त्याने दोन्हीचे मिळून दीड हजार सांगितले. आता दोघे काका एक-एक घेऊन मोकळं होऊ म्हणतायत. मला विकायची घाई नाही ओ, पण खरं काय ते कळलं पाहिजे. आई उद्या घासणीने स्वच्छ करते म्हणतेय, चालेल का?

कुंभारवेस
ताई आधी आईंना थांबवा! ते सोनं चकाकीच्या (ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर) वर लावून नंतर कमी आचेवर भाजलेलं असतं, घासणी लागली की निघून जातं, परत येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बास. आणि दोन्ही उलट्या करून बुडाचा फोटो टाका, खरी माहिती बुडालाच असते. शिक्का काय आहे, इंग्रजीत काही लिहिलंय का, चकाकी न लागलेल्या कडेचा रंग कसा आहे आणि टिचकी मारल्यावर आवाज कसा येतो तेपण सांगा.

जुळेसोलापूरची_लेक
थांबवलं आईला, बरं झालं विचारलं. बुडाला लाल रंगात गोल आणि गोलाच्या आत अधिकचं चिन्ह, खाली उभी दोन-चार अक्षरं. इंग्रजी काहीच नाही. कडेची माती पिवळसर-पांढरी, आवाज ठक्क असा बसका येतो. आतून बघितलं तर साय रंगाची चकाकी आणि तिला जाळीसारख्या बारीक बारीक भेगा. इंग्रजी नाही म्हणजे जुनीच ना?

कुंभारवेस
चिनी नाही, जपानी आहे. या प्रकाराला सात्सुमा म्हणतात. गोलातलं ते चिन्ह म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतावर राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याचं. पण चिन्ह आहे म्हणून राजघराण्यातली, असं समजू नका. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमाने आपला माल मांडला, युरोपात मागणी वाढली आणि मग क्योटो, ओसाका, योकोहामा सगळीकडचे कारखाने निर्यातीच्या मालावर हेच चिन्ह मारायला लागले. जाळी पडलेली साय रंगाची चकाकी, बसका आवाज, सगळं जुळतंय, चिनी पोर्सेलीन (कडक भाजलेली पांढरी चिनी माती) असती तर घंटीसारखी वाजली असती.

इंग्रजी नसल्याचं म्हणाल तर नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं की देशाचं नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीची. हे ज्या कायद्यावरून म्हणतात तो अमेरिकेचा होता, तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालायची सक्ती. म्हणून १८९१ ते १९२१ ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) आणि त्यानंतर ‘जपान’ असे शिक्के दिसतात. आपल्याकडे माल मुंबई बंदरात उतरायचा, त्याला तो अमेरिकेचा नियम लागू नव्हता, त्यामुळे आपल्या घरातल्या वस्तूवर इंग्रजी नसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

ते साधू म्हणजे बुद्धाचे शिष्य, अर्हत, जपानीत राकान. काळपट रंगावर अर्हत, ड्रॅगन आणि उठावाचे ठिपके ही धाटणी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत ढिगाने बनली. तुमच्या गिरणीच्या साहेबाच्या गोष्टीशी काळ बसतो, ३०० वर्षांशी नाही.

मर्तबानवाली
मी काय एक्सपर्ट नाही पण माझ्याबाबतीत झालं ते सांगते. सासूबाईंची निळी-पांढरी चिनी ताटली होती, मागे सहा अक्षरं, ओळखीच्या एकाने वाचून सांगितलं की कांग्शी बादशहाचं नाव आहे, म्हणजे १६६२ ते १७२२. आम्ही सगळे हरखलो. नंतर कळलं की जुन्या बादशहाचं नाव नंतरच्या मालावर घालायची चीनमध्ये पद्धतच होती, पूर्वजांचा मान म्हणून, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून वय ठरत नाही. मग मी हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये मुद्दाम दोनदा गेले, तिथे चिनी-जपानी दालनात खऱ्या वस्तू डोळ्यासमोर असतात, रंग आणि हाताचं काम बघून नजर बसते. सोलापूरहून काय लांब नाही, तुम्हीपण जा, फक्त शुक्रवार सोडून, शुक्रवारी बंद असतं.

आणि ती ताटली काठाला उडाली होती तर आमच्या यांनी झटपट गमने चिकटवली, तो गम पिवळा पडला आणि घेणाऱ्याने तिथेच भाव पाडला. अजून मनाला लागतं ते. तुटकं असलं तर तुटकंच ठेवा.

कुंभारवेस
अगदी बरोबर. लेकताई, किमतीचं आता. ओळखीच्या सोनाराकडून भिंग घ्या आणि साधूंचे चेहरे बघा. चांगल्या हाताच्या कामात प्रत्येक चेहरा वेगळा असतो, भुवईचा केस न केस दिसतो. ओसाकाचे याबू मेइझान किंवा क्योटोचे किंकोझान या नावाजलेल्या सात्सुमा बनवणाऱ्यांच्या सहीचं काम असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून खालच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो हवाच. अंधारात नोटा तपासायचा निळा टॉर्च मारा, जुनी डागडुजी असली तर ती जागा वेगळी चमकते. विक्रीच्या साइटवर लोक मागतात तो आकडा धरू नका, प्रत्यक्षात विकल्या गेल्या त्याचा धरा.

आणि जोडी फोडू नका, हे काकांना हात जोडून सांगा. एक-एक केलं की दोघांकडे जोडीच्या निम्म्याहून कमीच उरतं. दुसरं, १०० वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या कुणी जास्त भाव सांगितला तरी पार्सल करायच्या भानगडीत पडू नका.

जुळेसोलापूरची_लेक
भिंगाने बघितलं. चेहरे सगळे सारखेच, डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा. एकीला गळ्याशी केसाएवढी चीर आहे, टॉर्चखाली डागडुजी काही दिसली नाही. म्हणजे लाखाचं काही नाही हे कळलं, पण दीड हजारालाही देणार नाही. मोठ्या काकांना सगळं वाचून दाखवलं, आधी रागावले, मग म्हणाले जोडी तुझ्या आईकडेच राहू दे.

मर्तबानवाली
काकांनी छान केलं. आत थोडी कोरडी वाळू पिशवीत भरून ठेवा, धक्का लागला तर कलंडणार नाही. आणि त्या साहेबाचं नाव, गिरणी कुठली, साल कोणतं, हे सांगणारं कुणी आहे का अजून? असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

जुळेसोलापूरची_लेक
बाबांची आत्या आहे, ८८ वर्षांची, अक्कलकोटला असते, कान जरा कमी झालेत पण गिरणीचं सगळं आठवतं तिला. रविवारी एक फुलदाणी पिशवीत घालून तिच्याकडे घेऊन जाते.