मदत हवी आहे: रशियात वाढदिवसाला बारा गुलाब दिले, आता सावरू कसं?

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त.

आम्ही नवरा-बायको, मूळचे नगरचे. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो. नोव्हेंबरपासून त्वेरमध्ये आहोत. मॉस्कोच्या वायव्येला व्होल्गाकाठचं शहर. इथल्या एका लहान इव्हँजेलिकल मंडळीने (म्हणजे प्रोटेस्टंट चर्चने) मदतीला बोलावलं. मी बाकं आणि दारं-खिडक्या दुरुस्त करतो, बायको रविवारच्या जेवणाला हातभार लावते. एप्रिलमध्ये परत.

थंडीचं काही विचारत नाहीये. बाहेर उणे अठरा आणि घरात मी बनियनवर, कारण हीटिंग अख्ख्या इमारतीचं एकत्र, कमी-जास्त करायची सोयच नाही. फार उकडलं की खिडकीची वरची झडप उघडायची. आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड इथे चालत नाहीत हे माहीत होतं, रोख आणली होती. शेपूचाही प्रश्न मिटला, म्हणजे बायकोने हार मानली. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, अंड्यावरसुद्धा शेपू.

प्रश्न माणसांचा आहे. मंडळीत एक बाई आहेत. बायकोला बोर्श (बिटाचं सूप) त्यांनीच शिकवलं, पहिल्या आठवड्यात स्वतःचे लोकरी मोजे काढून दिले. गेल्या आठवड्यात त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. आम्ही बारा गुलाब घेऊन गेलो. दुकानदारीणबाईंनी दोनदा काहीतरी विचारलं, मी आपलं "दा, दा" (हो, हो) करत राहिलो. (इथे हिवाळ्यात फुलं जाड कागदात पूर्ण गुंडाळून देतात, नाहीतर रस्त्यातच गोठतात.) दारात मी मोठ्या प्रेमाने "बाबुश्का" म्हणून हाक मारली. आपल्याकडे आजी म्हणतो तसं. त्या थबकल्या, फुलं घेतली, "स्पासीबा" म्हणाल्या, चहा दिला. टेबलावर फुलदाणी आली तेव्हा त्यात अकराच गुलाब. बारावा स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेला बायकोने पाहिला.

रविवारी त्यांनी नुसती मान हलवली. माझं नक्की कुठे चुकलं, फुलांत की हाकेत? माफी मागू का?

दुसरा प्रश्न. इथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीत भारतीय मुलं बरीच आहेत. त्यातले दोघं-तिघं मराठी, म्हणतात, "काका, हॉस्टेलवर या, आपण प्रार्थना घेऊ." जावं का?

प्रतिसाद: व्होल्गाकाठची मावशी
दोन्हींत चुकलं, भाऊ. समसंख्येची फुलं इथे मयताला नेतात. त्यांनी एक काढून ठेवलं म्हणजे तुमची चूक गुपचूप दुरुस्त केली, हे रागावलेल्या माणसाचं लक्षण नाही. "बाबुश्का" मात्र झोंबलं असणार. सख्ख्या नातवाने म्हणावं ते. आपल्याकडे अनोळखी बाईलाही मावशी-आजी म्हटलं की जवळीक वाटते, इथे तुम्ही फक्त वय मोजलं असं होतं. नावापुढे वडिलांचं नाव लावून हाक मारा. म्हणजे वडील प्योत्र असतील तर अमुक पेत्रोव्ना. आपलं मधलं नाव वडिलांचंच असतं ना, मग मराठी माणसाला हे अवघड नको जायला. आणि "वी" म्हणायचं, "ती" नाही. आपलं तुम्ही आणि तू.

प्रतिसाद: नगरी मिसळ
पण हे मंडळीतले लोक तर शकुन-अपशकुन मानत नाहीत म्हणे?

प्रतिसाद: व्होल्गाकाठची मावशी
मानत नाहीत, पण फुलं मोजतात. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या तुमच्या घरात तिन्हीसांजेला नखं कापू देतात का?

प्रतिसाद: गारठलेला
हॉस्टेलवर जाऊ नका! हे मी आधी लिहायला हवं होतं. २०१६ च्या कायद्याने परदेशी माणसाला धर्मप्रचार करायचा तर नोंदणी झालेल्या धार्मिक संस्थेचं पत्र लागतं. त्याशिवाय सापडलात तर ३०,००० ते ५०,००० रूबल दंड, वर देशाबाहेर काढू शकतात. तुमच्या मनात साधी प्रार्थना असेल, पोलिसाला ती तशी दिसेलच असं नाही. आणि अडचणीत तुमच्याबरोबर ती पोरंही येतील, त्यांचं शिक्षण चाललंय. पाळकांना (पास्टरना) विचारा, मुलांनाच उपासनेला बोलवा. ईस्टर जवळ येतोय, तेव्हा कोणता धरणार? आपला ५ एप्रिलला, इथला जुन्या पंचांगाने १२ ला.

धागाकर्ता:
मावशी, गारठलेला, मनापासून आभार. पाळकांशी बोललो. त्यांनीही हॉस्टेलला ठाम नाही म्हटलं. मुलं रविवारी येतील, बायको डाळ-भात करणार आहे. बाजारात उझबेकी बाईंकडे अख्खे मूग मिळाले, "माश" म्हणून.

ईस्टरचं म्हणाल तर आमचं विमान ७ एप्रिलला, म्हणजे दोन्हींच्या मध्ये. इथे नदीकाठी अफनासी निकितीनचा पुतळा आहे. पंधराव्या शतकात हा त्वेरचा व्यापारी आपल्या चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तकं नेलेली, त्यामुळे हिंदुस्थानात ईस्टर कधी हेच त्याला कळेना, अंदाजाने धरायचा. पुतळ्यापाशी उभं राहून बायको म्हणाली, "बघा, तुमच्यासारखाच."

उद्या त्या बाईंकडे जातोय. वडिलांचं नाव विचारून घेतलंय, पाठही केलंय. सात ट्यूलिप आणि केक. पिवळी नकोत असं दुकानदारीणबाईच म्हणाल्या, या वेळी मी नीट ऐकलं. माफी मागायची की नुसता चहा प्यायचा?

प्रतिसाद: व्होल्गाकाठची मावशी
नुसता चहा. आणि उंबऱ्यावरून हात मिळवू नका, आधी आत जा.

धागाकर्ता:
मागच्या वेळी तेही केलं होतं.