दुष्काळात पोरांना गाविलगडावर न्यावं का?

आमच्या गावचे बारा पोट्टे-पोट्टी, वय 14 ते 17. मार्चअखेरीस चिखलदऱ्याहून गाविलगड दाखवायचा आहे. यंदा पाऊस कमी, आमच्या विहिरीनंही तळ गाठला. पाण्याचं कसं करू?

— भाऊ, गडावरच्या तळ्यांच्या भरवशावर जाऊ नका. माणशी चार लिटर घरूनच न्या. उजाडताच निघा, अकराच्या आत सावली धरा. पाणवठ्यावर रेंगाळू नका, अस्वल-बिबट तिथंच येते. आटल्या दिवसांत ते पाणी त्याहीचं आहे. चूल तर पेटवूच नका, सागाची पानं वाळून पडलेली असतात. भाकर-ठेचा बांधून न्या. वनखात्याला आधी विचारा.

— दादा, पोरींकडं लक्ष द्या. लघवीला जायची लाज म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. माझी पुतणी अशीच चक्कर येऊन पडली होती, अजून अंगावर काटा येतो. सोबत एक बाई हवीच. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. कोणी बरळू लागलं तर अंग ओलं करा अन् थेट दवाखाना.

— ताई, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. वहिनीला सोबत नेतो. रविवारी भरल्या बाटल्या पाठीवर देऊन पाझर तलावापर्यंत चालवून पाहतो.