ला कुर्तीनचे रशियन सैनिक: बंडखोर की वाऱ्यावर सोडलेले?

माळावरचा

पहिल्या महायुद्धातल्या एका प्रकरणाने बरेच दिवस पाठ धरली आहे, म्हणून हा धागा.

डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्सचे सिनेटर पॉल दुमेर रशियात गेले. फ्रान्सला माणसं कमी पडत होती, रशियाला बंदुका. दुमेर यांनी लाखांनी सैनिक मागितले, झारने चार ब्रिगेड दिल्या. दोन ग्रीसमधल्या सलोनिका आघाडीवर गेल्या, दोन (पहिली आणि तिसरी) फ्रान्सला, म्हणजे साधारण २० हजार माणूस. जवळची वाट जर्मनांनी अडवलेली. म्हणून पहिली ब्रिगेड रेल्वेने अख्खा सैबेरिया ओलांडून दालियनला गेली आणि तिथून बोटीने सिंगापूर, कोलंबो, सुएझ करत २० एप्रिल १९१६ ला मार्सेला उतरली. लोकांनी फुलं उधळली.

पुढच्या मार्चमध्ये झार पायउतार झाला. फ्रान्समधल्या या पोरांना ते कळलं तेव्हा मोठ्या चढाईची तयारी चालू होती. त्यांनी सैनिकांच्या समित्या नेमल्या आणि लढायचं की नाही यावर चक्क मतं घेतली. कौल लढण्याचा आला. १६ एप्रिल १९१७ ला ईशान्य फ्रान्समधल्या राँस शहराजवळचं कूर्सी गाव त्यांनी जिंकलं. दोन्ही ब्रिगेड मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

त्यानंतर ती म्हणाली, आता आम्हाला घरी पाठवा. त्यांना पाठवलं कुठे, तर आघाडीपासून लांब, मध्य फ्रान्समधल्या ला कुर्तीनच्या छावणीत. रसद तोडली आणि १६ सप्टेंबरला छावणीवर तोफा डागल्या. तोफा फ्रेंच होत्या, चालवणारे रशियन.

माझं मत सरळ आहे. ज्याच्या नावाने शपथ घेतली तो राजा गेला, ज्या सौद्यात पाठवलं तो सौदा करणारं सरकार गेलं. मग या माणसांना कुणी कशाच्या जोरावर बांधून ठेवायचं? त्यांना गद्दार म्हणणं अन्याय आहे.

सुभेदाराची लेक

दादा, तळमळ पोचली, पण पटलं नाही.

शपथेचा मुद्दा तुम्ही अर्धाच सांगितलात. राजा गेल्यावर याच सैनिकांनी नव्या हंगामी सरकारची शपथ घेतली, कूर्सीच्या आधी. म्हणजे पुढे हत्यारं खाली ठेवा असा हुकूम आला तो क्रांतीने बसवलेल्या सरकारचा. तो हुकूमही मानायचा नाही, मग मानायचं तरी काय? आणि तिसऱ्या ब्रिगेडमधले बहुतेक जण सरकारच्या बाजूला राहिले, तेही त्याच मातीतले, तेही घरची वाट बघणारेच.

माझे वडील सीमेवर होते तेव्हा गावाकडे चुलत्यांनी जमिनीच्या वाटण्या उरकून घेतल्या. निळ्या आंतरदेशीय पत्रातून त्यांना कळलं, तेही दोन महिन्यांनी. विहिरीकडचा तुकडा गेला होता. ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि पहाऱ्याला उभे राहिले. घडीवर कागद फाटलाय, अजून आईच्या पेटीत आहे. शिपाई आपापल्या घरच्या हिशोबाने वागायला लागला तर शेजारच्या खंदकातल्याने कुणाच्या भरवशावर झोपायचं?

कोरडवाहू

ताई, वडिलांना नमस्कार. पण त्यांच्या मागे देश जागेवर होता. आज ना उद्या सुट्टी मिळणार, तहसीलीत जाऊन भांडता येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या ब्रिगेडची दुसरी रेजिमेंट समारा भागातली, म्हणजे बहुतेक शेतकरी. १९१७ च्या उन्हाळ्यात रशियात जमीनदारांच्या जमिनी गावकरी ताब्यात घेत होते. पिढ्यान् पिढ्या ज्या जमिनीची आस धरली तिची वाटणी चालू आणि हा माणूस हजारो मैलांवर. गावात जो उभा नाही त्याला वाटा कोण देणार? सातबाऱ्यावर नाव लागायच्या दिवशी आपण परमुलखात अडकलोय, एवढी कल्पना करा. शेती केलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

बंदरावरून

दोघांच्याही बोलण्यात एक अडचण राहतेय. पाठवायचं कशातून? १९१७ हे पाणबुड्यांचं सर्वांत वाईट वर्ष. दोस्त राष्ट्रांना धान्य आणायला जहाजं पुरत नव्हती. अर्खान्गेल्स्कचं बंदर हिवाळ्यात गोठतं.

शिवाय मे-जूनमध्ये खुद्द फ्रेंच पलटणी चढाईला नकार देऊ लागल्या होत्या. लाल झेंडे घेऊन सभा भरवणारे हजारो परके सैनिक आघाडीजवळ ठेवायला कुठलाही सेनापती धजला नसता. त्यांना लांब हलवलं यात मला दुष्टपणा दिसत नाही. रसद तोडण्याचं समर्थन मात्र करणार नाही.

माळावरचा

बंदरावरून, जहाजं नव्हती हे मान्य. पण मग तसं समोर बसून सांगायचं, जहाज मिळेल तेव्हा पहिली पाळी तुमची असा शब्द द्यायचा. इथे उत्तर काय मिळालं, तर आधी परत लढायला तयार व्हा.

ताई, नव्या शपथेबद्दल तुमचं बरोबर, ते मी सांगायला हवं होतं. पण ऑक्टोबर क्रांतीनंतर तेही सरकार गेलं. तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांच्या सरकारने त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या: स्वयंसेवक म्हणून लढा, नाहीतर फ्रान्समध्ये मजुरी करा, नाहीतर उत्तर आफ्रिकेत सक्तीच्या कामावर जा. घर ही चौथी वाट त्यात नव्हतीच. बहुतेकांनी मजुरी पत्करली. काही हजार अल्जेरियाला गेले, ते ना फ्रान्सचे नागरिक, ना फ्रान्सचे शत्रू. यातले बरेच १९१९-२० मध्ये मायदेशी पोचले. हे कुठल्या शपथेत बसतं?

सुभेदाराची लेक

अल्जेरियाचं मी वाचलं नव्हतं. ते चूकच.

पण पहिली वाट निवडणारेही होते. या स्वयंसेवकांची तुकडी, रशियन लेजन, फ्रेंच सैन्याच्या मोरोक्कन डिव्हिजनबरोबर १९१८ मध्ये लढली. रोदिओन मालिनोव्स्की त्यातलाच. कूर्सीच्या चढाईत जखमी झालेला, लेजनमध्ये लढलेला आणि घरी पोचल्यावर लाल सैन्यात गेलेला. पुढे मार्शल झाला, सोव्हिएत संघाचा संरक्षणमंत्री झाला. म्हणजे लढणं आणि क्रांतीची बाजू घेणं एकाच माणसात मावत होतं.

कोरडवाहू

मावत होतं, पण तो वाचला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत. ला कुर्तीनमध्ये किती गेले यावर अजून एकमत नाही. सरकारी आकडा दहाच्या आसपास, इतरांची कथनं शेकड्यांत. ज्यांच्या मरणाचा धड हिशोबही लागला नाही त्यांना मिठाला जागा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुभेदाराची लेक

भाऊ, आपल्याच भाषेत शिव्या देणाऱ्या, आपलंच गाणं म्हणणाऱ्या पोरांवर तोफ लावायला ज्याने रशियन गोलंदाज उभे केले त्या अधिकाऱ्याला माझे वडीलही माफ करणार नाहीत. त्यांना विचारलं मी आज, जेवताना. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बंदूक खाली ठेवायला सांगितली तर ठेवायची, पण उपाशी ठेवून नाही सांगायचं.

माळावरचा

त्यांना माझा नमस्कार सांगा. समिती आणि हत्यार या मुद्द्यावर मी तुमच्याशी अजून भांडणार आहे, उद्या सविस्तर लिहितो.