मदत हवी आहे : बेंकेलमन बीमची रीडिंग जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतो. अंतिम वर्षाच्या पाच मुलांना यंदा गावाकडच्या एका रस्त्याची ताकद मोजायचा प्रकल्प दिलाय. रस्ता 3.75 मीटर रुंद. खाली काळी माती, त्यावर मुरूम, खडी आणि सगळ्यात वर 20 मिमीचं डांबरी कार्पेट. एफडब्ल्यूडी (रस्त्यावर वजन आपटून त्याची ताकद मोजणारं यंत्र) भाड्याने आणणं आमच्या ऐपतीबाहेर, म्हणून लॅबच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा असलेला बेंकेलमन बीम (भरलेल्या ट्रकखाली रस्ता किती दबतो ते मोजणारी लांब दांडी) पुसून काढला. मुलांनी तो पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगायचं तर रस्त्यावर नेऊन मीही पहिल्यांदाच वापरतोय.

एका विद्यार्थ्याच्या मामांचा ट्रक मिळाला. खडी भरली, मागच्या जोडचाकांच्या फटीत बीमचं टोक सरकवलं आणि आयआरसी 81 (या चाचणीची भारतीय मार्गदर्शिका) प्रमाणे तीन रीडिंग घेतली. एका ठिकाणचे आकडे देतो. सुरुवातीला 0, ट्रक 2.7 मीटर पुढे गेल्यावर 0.38 मिमी, तिथून आणखी 9 मीटर गेल्यावर 0.52. बीमच्या रचनेमुळे गेजवर निम्मंच दिसतं, म्हणून दुप्पट करून 1.04 मिमी डिफ्लेक्शन (रस्त्याचं दबणं) धरलं. त्याच खुणेवर दुपारी 1.30 आलं. डांबराचं तापमान 47 अंश होतं, म्हणून 35 च्या वरच्या प्रत्येक अंशाला 0.01 प्रमाणे 0.12 वजा केले, तरी 1.18 उरतातच. सकाळी दुरुस्ती करायची गरज नव्हती, पारा 35 वरच होता.

चूक कुठे होतेय? आणि दुसरं, रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला मर्लिन (हाताने ढकलायचं साधं यंत्र) वर्कशॉपमध्ये बनवता येईल का? कुणी बनवलंय का?

— खडीफोड

काळ्या_मातीतला
सर, तापमानाची दुरुस्ती आधी खोडून टाका. ती जाड डांबरी थरांसाठी आहे. 20 मिमीच्या कार्पेटला आयआरसी 81 ती लावू देत नाही. डांबर तापून मऊ झालं तरी इतक्या पातळ थराने रस्त्याच्या ताकदीत काय फरक पडणार? म्हणजे तुमचे 1.30 हे 1.30च, आणि फरक दुसरीकडूनच येतोय. बीमवर ऊन पडत होतं का?

खडीफोड
हो, भर उन्हात होता. सावलीला झाडच नाही त्या पट्ट्यात.

काळ्या_मातीतला
मग छत्री धरा. बीमची वरची बाजू तापली की तो किंचित वाकतो आणि डायल गेज (रीडिंग दाखवणारी तबकडी) आपोआप सरकतं. खात्री करायची तर ट्रक नसताना बीम मांडून दहा मिनिटं नुसतं गेजकडे बघत बसा. बीमला कंप देणारा बझर चालतोय ना? नसेल तर पेन्सिलीने हलकेच टकटक करत रीडिंग घ्या, गेजची दांडी अडकून बसते. सुरुवातीचं रीडिंगही घाईत घेऊ नका, मिनिटाला 0.025 मिमीपेक्षा कमी सरकायला लागलं की मगच लिहा.

निवृत्त_शाखा_अभियंता
खडीफोड सर, तुमच्या 0.38 आणि 0.52 मध्ये 0.14 चं अंतर आहे, ते कुणीच पाहिलेलं दिसत नाही. हे अंतर 0.025 पेक्षा जास्त असेल तर बीमचे पुढचे पायच दबलेल्या वाटीत उभे असतात. पाय खाली, बीम खाली, मग डिफ्लेक्शन खरं कसं कळणार? 0.14 ची दुप्पट 0.28, त्याला 2.91 ने गुणा, 0.81 येतात. ते 1.04 मध्ये मिळवा. खरं डिफ्लेक्शन 1.85 मिमी. तुमचा रस्ता तुम्ही समजत होतात त्यापेक्षा बराच कमजोर आहे. दुपारचं मधलं रीडिंग तुम्ही दिलेलंच नाही, ते काढा. त्याशिवाय 1.04 आणि 1.30 ची तुलनाच करता येत नाही.

आणखी एक. ट्रक काट्यावर कसा तोलला? आख्खा तोलून अंदाजाने दोन तृतीयांश धरला असेल तर ते चालणार नाही. फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, 8170 किलो भरले पाहिजेत. टायरची हवा चौरस सेंमीला 5.6 किलो, म्हणजे पंपवाल्याच्या भाषेत 80. बिंदू कडेपासून 90 सेंमी आत घेतलेत ना? 60 सेंमी साडेतीन मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला.

मिरजकर
मर्लिन आम्ही बनवलं होतं. पुढे सायकलचं चाक, मागे पाय, दोन्हींमध्ये 1.8 मीटर अंतर, मधोमध हलणारा पाय आणि वर फळीवर कागद. चाकाचा एक फेरा, एक खूण, अशा 200 खुणा. दोन्ही टोकांकडून दहा-दहा खुणा सोडून उरलेल्या खुणांच्या पसाऱ्याची रुंदी मिमीमध्ये मोजा, तो झाला डी. आयआरआय (खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक) = 0.593 + 0.0471 × डी. वेल्डिंगपेक्षा हलणाऱ्या पायाच्या बिजागरीत ढिलाई राहणार नाही याला जपा, आमचं पहिलं मर्लिन त्यातच गेलं. आणि 200 खुणा एकानेच करू नयेत. पोरं कंटाळली की खुणा "अंदाजे" होतात.

निवृत्त_शाखा_अभियंता
राहून गेलं. मोजणी कुठल्या महिन्यात केलीत? काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते. पावसाळ्यानंतर लगेच मोजायचं असतं. आता शक्य नसेल तर साइडपट्टीत खड्डा घेऊन मातीचा ओलावा आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकण आहे ते सांगणारा आकडा) काढा. आयआरसी 81 मध्ये पावसाप्रमाणे आलेख आहेत, वर्षाला 1300 मिमीच्या आतले वेगळे. तुम्ही आतलेच.

खडीफोड
सगळ्यांचे आभार. मोजणी एप्रिलमधली आहे, म्हणजे ओलाव्याचीही दुरुस्ती आली. दुपारचं मधलं रीडिंग मुलांच्या वहीत 0.61 आहे, शेवटचं 0.65. म्हणजे 1.30 चे 1.53 होतात. 1.85 च्या जवळही नाही, पण निदान आता काय शोधायचं ते कळलं. ट्रक आख्खाच तोलला होता, कबूल. मामा रविवारी पुन्हा येतो म्हणालेत, मात्र "याच खुणेवर किती वेळा मागं-पुढं करायचं, मास्तर?" असं विचारत होते. मोठी छत्री कुणाकडे आहे ते बघतो. सोमवारी आकडे टाकतो.